दातांच्या दवाखान्यातली काचघासणी

मित्रांनो, मी एक जुनी घासणी आहे, पण भांड्यांची नव्हे. माझे दोन तुकडे आहेत आणि दोघांच्याही पोटात चुंबक आहे. एक तुकडा माशांच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राहतो. दुसरा काचेबाहेर, कोरडा. बाहेरचा सरकवला की आतला मुकाट्याने त्याच्यामागे जातो आणि काचेवरचं शेवाळ खरवडतो. मधली काच जाड असली तरी आमची फारकत होत नाही.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, पुठ्ठ्यावर बसवलं आणि दुकानात टांगलं. तिथून मी या दातांच्या दवाखान्यात आले. मुलांची भीती जावी म्हणून डॉक्टरबाईंनी बाहेरच्या खोलीत टाकी मांडली होती. आत दोन केशरी मासे आणि दगडावर एक जांभळं प्रवाळ. प्रवाळ म्हणजे शोभेचं फूल नव्हे बरं का, तो जीव आहे; खूश असला की बोटं पसरतो. टाकी सांभाळायचे बाईंचे सासरे. पत्नी गेल्यापासून आजोबांचं घरात मन लागेना, म्हणून सुनेनेच त्यांना हे काम दिलं होतं. रोज सकाळी हात धुऊन ते मला काचेवरून फिरवत आणि माशांना घरच्या गोष्टी सांगत.

पुढे शेवाळ वाढू लागलं. सकाळी लख्ख केलेली काच संध्याकाळी हिरवी. माझा भाव भलताच वधारला. ही घासणी नसती तर काय झालं असतं, असं जो तो म्हणे आणि मी फुशारून जाई. पण माझ्या पाठीमागे शेवाळाच्या झिपऱ्या दगडावर चढत होत्या. प्रवाळाने एकेक करून सगळी बोटं मिटून घेतली.

येणारे लोक नाक मुरडू लागले. शेवटी डॉक्टरबाई कंटाळल्या. रविवारी एक माणूस येऊन टाकी घेऊन जाईल, असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांची नजर जमिनीकडे होती. आजोबा "बरं" एवढंच म्हणाले.

त्यानंतर आजोबांनी मला जिवाच्या आकांताने फिरवलं, अगदी तळापर्यंत. तिथे वाळूचा एक कण माझ्यात अडकला आणि काचेवर लांबलचक ओरखडा उठला. आजोबा स्टुलावर बसून त्या ओरखड्यावरून नुसतं बोट फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी एक मुलगी गालाला हात लावून आली. तिचा दात पुन्हा किडला होता. मी रोज दोनदा ब्रश करते, असं ती कळवळून सांगत होती. खोदून विचारल्यावर कळलं, की आई तिला लिमलेटची एक गोळी देते, काका दुसरी, शेजारची मावशी तिसरी. आपण एकच तर देतो, असं प्रत्येकाला वाटे.

"अगं, दिवसभर खात राहिलीस तर बिचारा ब्रश काय करणार?" टाकीपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी सवयीने माशांच्या खाण्याचा डबा उघडला, चिमूट काढली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"बाबा, तुम्ही आज ह्यांना खायला घातलंत?"

"सकाळीच घातलं. भुकेले असतात गं, काचेशी येऊन तोंडं उघडतात."

नंबर लावणारी ताई खाली मान घालून म्हणाली, "दुपारी मीपण घालते. मला वाटलं, कुणाच्या लक्षातच राहत नसेल."

सगळ्यात आधी ती मुलगी हसली, सुजलेल्या गालाने. तिघांच्या मायेचं उरलेलं खाणं तळाशी कुजत होतं आणि शेवाळाला आयतं खत मिळत होतं. मी वरून पुसत होते, हे तिघं खालून पेरत होते.

डॉक्टरबाईंनी त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं. डबा आजोबांच्या खिशात गेला. तळातली घाण नळीने ओढून काढली, पाणी थोडं थोडं बदललं, दिवाही कमी वेळ लावू लागले. शेवाळ काही लगेच हटलं नाही. मध्ये एकदा तर सगळ्यांनी आशा सोडली होती. मग एका सकाळी प्रवाळाने एक बोट उघडलं. आजोबांनी सुनेला हाक मारली. ती हातमोजे घातलेल्या हातांनीच धावत आली आणि दोघं काचेला नाक लावून बघत राहिली.

हल्ली मला फारसं काम नसतं. माझ्या आतल्या तुकड्याच्या पाठीवर गुलाबी, टणक थर चढला आहे. पाणी निरोगी असल्याची ती खूण आहे, असं सांगून आजोबा कुणाला तो खरवडू देत नाहीत. आधी हे रिकामपण माझ्या मनाला लागायचं. आता उमगलं आहे, की मी रिकामी बसते तेव्हाच प्रवाळ जगतं.

म्हणून मित्रांनो, माझी विनवणी ऐका. काच हिरवी दिसली की माझ्याकडे धावण्याआधी एकमेकांना विचारा, आज कुणी खायला घातलं? आणि मला हातात घ्याल तेव्हा माझ्यात वाळू अडकलेली नाही ना, ते बघा.

आजोबा अजून रोज येतात. मला एकदाच फिरवतात. ओरखड्यापाशी त्यांचा हात हळू होतो. एक चिमूट खाणं टाकतात आणि माशांना म्हणतात, "झालं. आता उद्या." मासे पुन्हा काचेशी येऊन तोंडं उघडतात. आजोबा मात्र खिशावर घट्ट हात ठेवून त्यांना घरच्या गोष्टी सांगत बसतात.