सालं काढलेले चणे

“सूनबाई देऊन गेली ना?” डब्याचं झाकण अजून माझ्या हातात होतं, तेवढ्यात आईनं विचारलं.

“हो. दुसरं कोण देणार?” मी म्हटलं आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. जरा आदळलीच म्हणा ना.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं चमचा उचलला आणि खायला लागली. काबुली चणे, बारक्या नळीचा पास्ता आणि विटकरी रंगाचा दाट रस्सा. एक चमचा, दोन, तीन. मी मोजत होते. सकाळी मी केलेलं भाज्यांचं सूप तिनं एका घोटात नापास केलं होतं, आणि आता मात्र वाटी अर्ध्याच्या खाली गेली होती.

“काय चव आहे गं तिच्या हाताला!” आई म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी दुकानात उशीर होतोय असं सांगून चपला घातल्या.

खरं सांगते, मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. लोक असल्या गोष्टी आडवळणानं सांगतात, मी सरळ सांगते. बावीस वर्षांपूर्वी दादाशी लग्न करून ती आमच्यात आली तेव्हापासून वाटतो. ती एका इटालियन हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आधी भांडी, मग चिराचिरी, मग थेट शेगडीपाशी. बोलणं हळू, हसणं गोड, कुणाला उलट उत्तर म्हणून नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान मला मनसोक्त नावं तरी ठेवता आली असती. मी एक्कावन्न वर्षांची झाले तरी घरात मला अजून ‘छोटी’च म्हणतात. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून अकरा वर्षं आई माझ्याकडेच आहे. तिची औषधं मी देते, केस मी विंचरते, झोपायच्या आधी तिची कवळी ब्रशनं मी धुते. आणि कौतुक कुणाचं, तर दर गुरुवारी तासाभराच्या अंतरावरून डबा घेऊन येणारीचं!

दोन महिन्यांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आली ती अन्नावरची वासना घालवूनच. मी भरवायला बसले की ती तोंड मिटायची, मी ओरडायची, ती रडायची, मग मीही रडायची. पुढेपुढे माझ्या हातात नुसता चमचा दिसला तरी ती मान फिरवायला लागली. वजन अडतीस किलोवर आलं. आता आणखी घटता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी दादा आला होता. त्यानं काट्यावरचा आकडा बघितला आणि मला गॅलरीत घेऊन गेला.

“छोटे, अजून तीन आठवडे बघू. वजन वाढलं नाही तर आईला मी घेऊन जातो. हिच्या हातचं ती खाते तरी.”

“आणि मी काय तिला उपाशी ठेवते?”

“असं कुठं म्हटलं मी? तुझं आपलं लगेच सुरू.”

“मग काय म्हटलंस?”

मला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. आई दादाकडे गेल्यावर या दोन खोल्यांत मी कुणाची वाट बघत घरी येणार होते? कुणाशी भांडणार होते?

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी एका रंगाच्या दुकानात रंग जुळवते. हल्ली मशीन आहे, बटण दाबलं की डब्यात रंग पडतो. पण वीस वर्षं ऊन खाल्लेल्या भिंतीला मशीन काय करणार? अशा वेळी लोक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणतात आणि मालक म्हणतात, “मॅडमना बोलवा.” मी तो पोपडा खिडकीशी नेते, उजेडात धरते, आणि पिवळ्यात किती काळा, किती तांबडा ते ओळखते. एका कोपऱ्यात नवा रंग लावला तर बाकीच्या भिंतीला पत्ता लागत नाही.

मग मनात आलं, भिंत जुळते तर वहिनी का नाही जुळणार?

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर डब्याच्या तळाला राहिलेलं मी पांढऱ्या बशीत पसरलं आणि खिडकीत घेऊन बसले. कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं. चण्यातले निम्मे अख्खे होते, निम्मे ठेचून रश्शात परत घातलेले. म्हणून तो दाटपणा. लसूण होता, पण तुकडा कुठंच नव्हता, म्हणजे तेलात परतून काढून टाकलेला. रोजमेरीची एक सुईसारखी पानं असलेली काडी. टोमॅटो होता, पण तांबडा नव्हता, तेलात भाजून भाजून विटकरी झालेला. आणि अगदी तळाशी चीजची एक कडक कड, शिजून रबरासारखी झालेली. ती मी चावून बघितली.

शुक्रवारचा माझा पहिला प्रयत्न तांबडा झाला. शनिवारचा फिका. रविवारी रंग असा बेमालूम जुळला की मी बशी बशीला लावून दहा मिनिटं बघत बसले. पास्ता वेगळा न उकडता चण्याच्याच पाण्यात शिजवला होता. गरमागरम वाटी आईपुढे नेली.

तिनं अर्धा चमचा घेतला. “हे तू केलंयस.”

“कशावरून?”

“पाणचट आहे. तिचं कसं मुरलेलं असतं.” आणि मान फिरवली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं सिंकमध्ये ओतणार होते, इतकी जळफळले होते. हात पुढे केलाही. आणि तिथंच थांबले. अगं बाई, ओला रंग आणि वाळलेला रंग कधी एक असतो का? दुकानात आलेल्या नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, की ओल्यावर जाऊ नका, वाळू द्या, मग बघा. वहिनीचा डबा सकाळी भरला जायचा, बसमधून यायचा, आईपुढे येईपर्यंत तीन तास झालेले असायचे. तेवढ्या वेळात पास्ता पाणी प्यायचा, सगळं एकजीव व्हायचं. आणि मी हे शेगडीवरचं उकळतं तिच्याशी जुळवत बसले होते!

सोमवारी पहाटे उठून केलं. वहिनीचा निळा डबा माझ्याकडेच राहिला होता. काम करायचं तर चोख, म्हणून त्याच डब्यात भरलं, त्यावर तेच घट्ट झाकण. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी आले, किंचित कोमट केलं आणि डबा टेबलावर आणला. आता चव घेऊ दे, मग सांगते मीच केलंय म्हणून, असं ठरवून आले होते. कसं सांगायचं, तेही वाटेत घोकलं होतं.

आईनं निळा डबा बघितला आणि तिचा चेहरा उजळला. “अगं, आज सोमवार ना? सूनबाई येऊन गेली?”

मी तोंड उघडलं. पण तोवर तिनं पहिला चमचा घेतला होता. मग दुसरा. मग कितवा ते मी मोजलंच नाही. ती खात होती! माझं केलेलं, माझ्या घरात, माझ्यासमोर, न भांडता खात होती. मी तोंड मिटलं.

“पाठवलाय तिनं,” मी म्हटलं.

“गुणाची आहे हो पोर.”

त्या दिवशी दुकानात मी तीनदा चुकीचा डबा उघडला. आनंद म्हणावा तर नाव वहिनीचं, आणि राग म्हणावा तर कुणावर धरायचा?

बुधवारी वहिनीचा फोन आला. “छोटी, मला भयंकर खोकला झालाय. आईंना लागायला नको. हा गुरुवार आणि पुढचा, दोन्ही येत नाही. चालेल ना गं? त्या खातील ना?”

“बघते मी. तू काळजी घे,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि लाज वाटण्याइतकी खूश झाले.

मग रोज तेच. संध्याकाळी चणे भिजत घालायचे, पहाटे शिजवायचे, डबा भरायचा, दुपारी खोटं बोलायचं. चौथ्या दिवशी कवळी धुताना माझ्या लक्षात आलं, की दाताच्या फटीत चण्याची सालं अडकून बसतात. ती बोचतात म्हणून आई अर्ध्यावर चमचा ठेवते, आणि सांगत नाही. वहिनीला हे कसं कळणार? ती कवळी थोडीच धुते? दुसऱ्या दिवसापासून मी शिजलेले चणे ताटात पसरून एकेकाचं साल काढायला लागले. दोन बोटांत दाबलं की चणा सुटतो, साल हातात राहतं. वाटीभर चण्यांना पाऊण तास. आई वाटी चाटूनपुसून खायला लागली. एकदा तर म्हणाली, “सूनबाई दिवसेंदिवस छानच करायला लागलीय.” मी सिंककडे तोंड करून उभी होते. माझ्याच कामानं माझ्या पोटात दुखावं, म्हणजे कमाल झाली.

तिसऱ्या रविवारी दादा आणि वहिनी आले. आईला काट्यावर उभं केलं. साडेएकोणचाळीस!

“शाब्बास!” दादा ओरडला. “बघ छोटे, उगाच घाबरत होतो आपण. आता न्यायचा प्रश्नच नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मी आईला वाढून दिलं आणि वहिनीसमोर अशी ऐटीत बसले, की नुसती खुर्चीच माझी होती असं नाही, अख्खं घर माझं होतं.

आई खाता खाता थांबली. “प्रश्न कसा नाही? मी ठरवलंय. मी येते तुमच्याकडे.”

“अगं, पण आता तर...” दादा म्हणाला.

“पोरीनं रोज एवढ्या लांबून डबा पाठवायचा, खोकल्यातसुद्धा! मला काही कळत नाही का? तिच्या हातचं खाऊन उठून बसले मी. ते तिथंच गरम खाईन, तिचीही दगदग वाचेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तुझीही सुटका होईल गं छोटी. किती दिवस माझ्यापाठी ओरडत बसणार?”

“रोज?” दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं वाटीकडे. तिला कळायला किती वेळ लागणार? चणे सगळे गुळगुळीत, एकालाही साल नाही. ती उठून आत गेली. मीही मागोमाग गेले.

ओट्यावर ताट होतं आणि त्यात सालांचा ढीग. वहिनीनं पातेल्यातलं चमचाभर तोंडात घातलं.

“हे तू केलंस,” ती हळूच म्हणाली. “रोज तूच करत होतीस.”

“हो.”

“माझ्यापेक्षा चांगलं झालंय गं.”

बावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आणि ते कानावर पडलं तेव्हा मला रडू आलं.

“मी जाऊन सांगते आईंना,” ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

बाहेरून चमच्याचा आवाज येत होता. मी तिचं मनगट धरलं. सांगितलं तर आई राहील, हे मला कळत होतं. माझ्याकडे राहील. पण उद्या माझ्या हातात चमचा बघून तोंड उघडेल? की फसवलं म्हणून पुन्हा मान फिरवेल? आणि मग अडतीस, सदतीस. तो आकडा मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

“नको सांगूस,” मी म्हटलं.

“अगं, पण का? तुझं श्रेय आहे ते.”

“तुझं म्हणूनच खातेय ती. खाऊ दे.” मी नाक पुसलं. “आणि नीट ऐक. सालं काढत जा. कवळीत अडकतात.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची. एकेक. कंटाळा केलास तर बघ.” मी ताटातला उरलेला एक चणा घेऊन तिला दाखवलं. “असा दाबायचा. जोरात नाही, पिचतो. आणि केल्या केल्या वाढू नकोस. तीन तास ठेव. गरम खायचंय म्हणेल, ऐकू नकोस.”

तिनं करून बघितलं. पहिला पिचला, दुसरा बरोबर सुटला. तिचे डोळे भरून आले होते. मला तेही आवडलं नाही, खरं सांगायचं तर. आई तिला मिळाली होती, निदान रडणं तरी तिनं माझ्यासाठी सोडायचं.

दुपारी आईची बॅग भरली. औषधांची वेळ कागदावर लिहून दिली, कवळीची डबी वेगळी ठेवली. गाडीत बसताना आई वहिनीचा हात धरून बसली. मला म्हणाली, “नीट खात जा गं. नुसत्या चहावर राहू नकोस.”

“हो,” मी म्हटलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं जाग आली. चणेही आदल्या संध्याकाळी नकळत भिजत घातले होते, फुगून दुप्पट झाले होते. टाकवेनात, म्हणून शिजवले, सगळं नेहमीसारखं केलं. फक्त सालं काढायला बसले नाही. दुकानातून दुपारी घरी आले, वाटीत घेतलं आणि आईच्या खुर्चीत बसून खाल्लं. इतक्या दिवसांत मी ते स्वतः एकदाही पोटभर खाल्लं नव्हतं.

सालासकट होतं, अगदी वहिनीसारखं झालं होतं.