माझी बांबूची शेपटी

मी एक जुनी, छोटी मोटार आहे, मित्रांनो. निदान कागदोपत्री तरी मी संपूर्ण आहे. प्रत्यक्षात माझा मागचा बाक चिंचवडच्या दवाखान्याच्या ओसरीवर आहे आणि त्यावर रोगी बसतात. माझे दोन्ही बंपर सरपणाच्या खोलीत आहेत. डावा दरवाजा कुठे आहे, हे मला कोणी सांगितलेले नाही. उरलेली मी दवाखान्यामागे झाडाखाली उभी असते. उभी आहे म्हणून शांत आहे, असे मात्र समजू नका.

माझा जन्म विलायतेतला. चार माणसे बसतील आणि फार लांब जाणार नाहीत, असे धरून तिथल्या कारागिरांनी मला घडवले. बोटीने मी मुंबईला उतरले. तिथल्या एका वकिलांनी मला विकत घेतले, रोज पुसले आणि क्वचितच बाहेर काढले. मोटारीला याहून चांगले दिवस नसतात, असे म्हणतात. मला मात्र आपल्याला चाके कशासाठी दिली, हा प्रश्न पडून झोप येत नसे. मग सुमनताईंनी मला घेतले. आता ही बेचैनी संपेल, असे वाटले. ती संपली नाही, नुसती चिंचवडला राहायला आली.

सुमनताई डॉक्टर. आठवड्यातून दोनदा त्या मला घेऊन मोशीवरून चाकणला जात. तिथे बाजाराशेजारच्या एका खोलीत वाड्यावस्त्यांवरच्या बायका त्यांना दाखवायला येत. ताई मोटार स्वतः चालवत. सुरुवातीला हे बघायला पुरुषच जास्त जमले आणि त्यांतल्या एकालाही काही होत नव्हते. पुढे बायका येऊ लागल्या. दसऱ्याला त्यांनी माझ्या टपावर झेंडूची माळ टाकली, चाकांना हळदकुंकू वाहिले. मुंबईत मला कोणी नमस्कार केला नव्हता. ती दोनतीन वर्षे मला माझ्या कुरकुरीसुद्धा गोड वाटत.

मग छप्पन्न सालच्या हिवाळ्यात कुठल्यातरी दूरच्या देशातल्या कालव्यात तेलाच्या बोटी अडकल्या आणि आमच्या पंपावर पेट्रोल मापाने मिळू लागले. आठवड्याचे मिळे त्यात चाकणची एक फेरी व्हायची. दुसरी बंद करणे भाग होते. बाकीच्या बायका एका फेरीवर निभावल्या असत्या, पण चाकणच्या पलीकडच्या वस्तीवर तानाबाई होती. तिची आधीची दोन्ही मुले जन्मताच गेली होती. या खेपेला तिच्या पायांवर सूज दिसू लागली होती आणि ताईंना तिला आठवड्यातून दोनदा बघायचे होते.

"एका फेरीत नाही भागायचं," ताई घरी म्हणाल्या. "जे व्हायचं ते मधल्या दिवसांतच होतं."

हे त्यांनी ज्यांना सांगितले ते उद्धवराव, म्हणजे त्यांचे यजमान. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरीला, शास्त्राचे पदवीधर. कोणतीही वस्तू जशी आहे तशी त्यांना बघवत नसे. त्यांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितले की मोटार पेट्रोल जाळते ते दोन कामांसाठी, स्वतःचे वजन ओढायला आणि समोरचा वारा बाजूला सारायला. दोन्ही कमी केली की त्याच पेट्रोलमध्ये दोन फेऱ्या होतील.

"आणि मला न्यायला काही जळतं का?" ताईंनी विचारले.

"ते किरकोळ असतं गं."

त्या दिवसापासून माझी शांतता गेली. उद्धवराव कारखान्यातून आले की कोट खुंटीला अडकवत आणि पाना घेऊन माझ्याकडे येत. आधी बंपर गेले. मग मागचा बाक, त्याच्या पाठीमागची आडवी फळी, दरवाजांचे अस्तर. डाव्या दरवाजाच्या जागी तागाचा पडदा आला. पोटाखाली त्यांनी पत्रे ठोकले, म्हणजे वारा कुठे अडखळायला नको. दर दोन दिवसांनी मी सकाळी जागी होऊन स्वतःला चाचपायची आणि काहीतरी सापडत नसायचे. तुमच्यापैकी कोणाचे टॉन्सिल काढले असतील, त्यांना याची थोडी कल्पना येईल.

वाऱ्याचा खरा घोटाळा मागे असतो, असे उद्धवरावांचे म्हणणे. गाडी पुढे जाते, तिच्यामागे वारा भोवरे घेत रेंगाळतो आणि तिला मागे ओढतो. पाठ माशासारखी निमुळती केली की तो गुपचूप निघून जातो. हे खरेच आहे, मला ते पाठीत जाणवायचे. म्हणून त्यांनी मला शेपटी लावायचे ठरवले. पत्र्याची जड झाली असती, तेव्हा बांबूची. तिच्यासाठी बोलावले कोंडीरामला. तो चिंचवडचा बुरूड, टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणणारा.

कोंडीरामने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "यात ठिवायचं काय?"

"काही नाही. रिकामी राहणार."

त्याने शेपटी सुरेख विणली. वर कापड ताणून खळ लावली. फक्त रिकामी ठेवण्यासाठी कोणी एवढे मोठे काही विणून घेईल, हे त्याला पटले नव्हते. त्याने वरच्या अंगाला आपल्या मनाने एक झाकण ठेवले. उद्धवराव त्याच्याशी बराच वेळ वाद घालत होते. कोंडीराम मान डोलावत होता. झाकण राहिले.

पहिली फेरी झाली आणि, मित्रांनो, मी खोटे सांगत नाही, मी पिसासारखी धावले. मोशीचा चढ मी धापा न टाकता चढले. वाऱ्याशी माझी गाठ जेमतेम पडायची, कारण पुढे बहुतेक वेळ बैलगाडी असायची. पण जिथे पडली तिथे तो खरोखरच मागून निघून गेला. घरी आल्यावर उद्धवरावांनी माझ्या टाकीत काठी बुडवून बघितली. पेट्रोल उरले होते. त्या रात्री ते जेवताना दोनदा हसले, असे ताईंनी शेजारणीला सांगितलेले मी ऐकले.

पुढच्या फेरीला परत येताना मी मोशीच्या अलीकडेच धापा टाकू लागले.

त्याचे असे झाले. शेतात नवे पीक निघाले की त्यातले थोडे आपल्या माणसांच्या घरी पाठवतात. त्याला वानवळा म्हणतात. चाकणच्या बायका ताईंना आपले माणूस समजत. आधी त्या पदरातून पाचसहा कांदे, एखादी मेथीची जुडी आणत, कारण माझ्यात जागाच तेवढी होती. आता त्यांनी बाक गेलेला पाहिला, कणगी लावलेली पाहिली, तिचे झाकण उघडून पाहिले. बाईंनी वानवळ्यासाठी मुद्दाम गाडी वाढवून आणली, यात कोणालाही शंका राहिली नाही. इतके दिवस आपण मूठभरच देत होतो, याची सगळ्यांना लाज वाटली. ताई आत नाड्या बघत असायच्या आणि बाहेर माझ्यात कांदे, बटाटे, शेंगा, भोपळे भरले जायचे. एकदा झाकणाखाली एक जिवंत कोंबडी होती. ती मोशीपर्यंत माझ्याइतकीच अस्वस्थ होती.

यांत सगळ्यांत मोठे पोते गोजाबाईंचे असे. गोजाबाई म्हणजे तानाबाईची सासू. ताईंनी एकदा चाचरत नको म्हटले, तर त्या म्हणाल्या, "का वं बाई? आमचा कांदा कडू हाय का?" पुढच्या वेळी तानाबाईला घेऊन त्या आल्याच नाहीत. ताई स्वतः वस्तीवर गेल्या, समजूत काढली, आणि येताना दोन पोती घेऊन आल्या. त्यानंतर त्यांनी कोणालाही नको म्हटले नाही.

घरी उद्धवराव चक्रावले. आपला हिशोब कुठे चुकतो, ते त्यांना कळेना. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून ते विचार करत आणि विचार करताना कांद्याची भजी खात. ताईंनी दोनदा सांगितले, की अहो, येताना ओझं असतं. ते म्हणाले, चार कांद्यांचं काय ओझं. त्यांनी माझी मागची काच काढली. चाकणच्या बायकांना पोती आत टाकणे आणखी सोपे झाले.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतः आमच्याबरोबर आले. त्या दिवशी पेट्रोल तळाला होते आणि मी परतताना कुठे थांबेन हे कळत नव्हते. चाकणला पोचल्यावर ते माझ्याजवळ उभे राहिले आणि बायका एकेक करून येऊन माझ्यात ओतत गेल्या, ते त्यांनी पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कांदे तिथेच होते.

तेवढ्यात गोजाबाई तानाबाईला धरून घेऊन आल्या. तानाबाईचे डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, सूज आता तोंडावर आली होती. ताईंनी तिला तपासले आणि बाहेर येऊन सांगितले की हिला आत्ताच पुण्याच्या इस्पितळात न्यायला हवे, आणि आडवे झोपवून. कांद्याचे ट्रक पहाटेच गेले होते. एस.टी. संध्याकाळची. राहिले मी.

"एवढं पेट्रोल नाही," उद्धवराव हळूच म्हणाले. "या वजनाला नाही."

भोवती वानवळा देणाऱ्या बायका उभ्या होत्या. दिलेले त्यांच्यासमोर बाहेर काढणे म्हणजे काय, हे ताईंना ठाऊक होते. त्यांनी पोत्याला हात घातला आणि तो तिथेच राहिला.

गोजाबाईंनी सगळे ऐकले होते. त्या पुढे झाल्या, आपले पोते कवेत धरून ओढले आणि धुळीत ठेवले.

"बघत काय ऱ्हायला? उचला आपापलं."

"दिल्यालं माघारी न्यायचं व्हय, आत्या?" एकीने विचारले.

"घरी नगा नेऊ. हितंच ऱ्हाऊ द्या. लागंल तो नील."

मग सगळ्याच पुढे आल्या आणि मी रिकामी होत गेले. तागाची रिकामी पोती माझ्या तळावर अंथरली गेली. बाक नव्हता, फळी नव्हती, म्हणून तानाबाई पुरती आडवी झाली आणि तिचे पाय माझ्या शेपटीत गेले. कोंडीरामच्या प्रश्नाचे उत्तर, मला वाटते, हेच होते.

ताई चालकाच्या जागेवर बसल्या. शेजारची जागा गोजाबाईंसाठी होती. गोजाबाई बसल्या नाहीत.

"मी बी वजनच की," त्या म्हणाल्या. "तुमी व्हा म्होरं. मी येते चालत. पोरगा पिंपरीला बांधकामावर हाय, त्याला घिऊन येते."

मग त्यांनी उद्धवरावांकडे पाहिले. उद्धवराव चांगल्या अंगाचे गृहस्थ होते, भजी तर रोजची होती. माझे आठ अवयव त्यांनी काढले, पण त्या यादीत स्वतःचे नाव त्यांना आजवर सुचले नव्हते. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि गोजाबाईंच्या मागोमाग निघाले.

मी कधी धावले नव्हते इतकी सांभाळून धावले. खड्डा आला की जीव वर येई. चढ आला की टाकीतले तळाचे पेट्रोल एका बाजूला जाऊन मला खोकला येई. मागे तानाबाई विव्हळत होती, आणि पुढे ताई माझ्याशी बोलत होत्या. मोटारीशी त्या कधी बोलत नसत. मोशी गेली, भोसरी गेली. मी थांबले ती इस्पितळाच्या दारात, आणि ताईंनी थांबवले म्हणून.

उद्धवराव आणि गोजाबाईंना मोशीला संध्याकाळची एस.टी. मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवराव लंगडत इस्पितळाच्या आवारात आले. पायांना फोड आले होते. ताई माझ्या मडगार्डला टेकून उभ्या होत्या.

"किती उरलं?" उद्धवरावांनी सवयीने विचारले.

"मुलगी झाली," ताई म्हणाल्या. "दोघी वाचल्या. पोरीचं वजन कमी आहे जरा."

उद्धवरावांनी माझ्या टाकीचे झाकण उघडलेच नाही.

"वाढवता येईल ना?" ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पुढे बोटी सुटल्या, पेट्रोल मिळू लागले, आणि ताईंनी नवी गाडी घेतली. तिला शेपटी नाही. मला परत पुरी करायचे उद्धवराव दर दिवाळीला ठरवतात. मी वाट बघत अजून टायरांवर आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात एखादी गाडी, एखादे यंत्र किंवा एखादे माणूस धापा टाकू लागले, तर त्याच्यातून काय काढून टाकता येईल हे शोधण्याआधी, आपण त्याच्यावर काय लादले आहे ते बघा. त्यात मायेने दिलेले कांदेही धरा. त्यांचे वजन इतर कांद्यांइतकेच असते. आणि तरीही चढ जड जाऊ लागला, तर थोडे उतरून चाला.