गाणं संपायची वाट

मी एक जुना इअरफोन आहे. वायरवाला. खिशात टाकला की ज्याच्या आपोआप गाठी पडतात आणि मग माणसं ज्याला नावं ठेवतात, तोच. गाठी मी पाडत नाही, मित्रांनो, पण ते आता राहू द्या.

माझा जन्म चेन्नईबाहेरच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या मुली माझ्या बारीक तारा जोडत होत्या आणि एकमेकींना तमिळमध्ये घरच्या गोष्टी सांगत होत्या. माझ्या वायरीवर त्यांनी एक इवलासा माईकही बसवला. त्यामुळे गाणं ऐकवायचं आणि बोलणं टिपायचं, अशी दोन कामं माझ्याकडे आली. टिपलेलं पुढे पोचवायचं काम मात्र फोनचं. तेव्हा मला ही बाब किरकोळ वाटली होती.

पुढे चेन्नईतल्याच टी. नगरच्या फुटपाथवर, साड्यांच्या दुकानासमोर, एका गाड्यावर मी बरेच दिवस टांगलेला होतो. तिथून मला कीर्तीनं घेतलं. कीर्ती कराडची. गिंडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइनं करायची. अड्यारला एका घराच्या वरच्या खोलीत ती आणि नाशिकची अवनी, अशा दोघी भाड्यानं राहत.

बसमध्ये माझी डावी बाजू अवनीच्या कानात असे, उजवी कीर्तीच्या. गाणं सुरू झालं की अवनी विचारायची, हेच का लावलंस? मग कीर्ती सांगायला लागायची. हे आई भाकरी थापताना गुणगुणते. हे मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हणायला घेतलं आणि दुसऱ्याच कडव्यात शब्द विसरले. गाणं संपून जायचं, कारण चालूच राहायचं. वायर आखूड असल्यामुळे दोघींना अगदी चिकटून बसावं लागे, आणि त्याचं श्रेय मी आजही सोडत नाही.

मग अवनीला बंगळुरूला नोकरी लागली आणि ती गेली.

माझी डावी बाजू कीर्तीच्या गळ्याशी नुसती लोंबकळू लागली. हेच का लावलंस, असं विचारणारं कोणी उरलं नाही, तशी गाणीही कमी होत गेली. एकदा बसमध्ये शेजारच्या बाई तमिळमध्ये काहीतरी आपुलकीनं विचारत होत्या. कीर्तीला एक अक्षर कळेना. ती ओशाळली, आणि तिनं माझ्या दोन्ही बाजू कानात घालून टाकल्या. गाणं लावलंच नाही. बाई गप्प झाल्या.

ही युक्ती तिला फारच सोयीची वाटली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या कानात, फोन पिशवीत, आणि गाणं कुठंच नाही. गाणी ऐकवायला जन्मलो आणि बूच म्हणून वापरला जाऊ लागलो. पण वाईट वाटे ते माझ्यावरच्या अन्यायाचं नव्हे. तिच्या कानाशी मी इतका जवळ होतो की तिनं आवंढा गिळला तरी मला कळायचं, आणि ती दिवसातून फार वेळा गिळायची.

ऑफिसात दर शुक्रवारी चहाच्या वेळी एक रिवाज होता. सिद्धार्थ नावाच्या तिच्या साहेबानं तो हौसेनं सुरू केला होता. प्रत्येकानं सांगायचं, सध्या काय ऐकताय आणि का. कीर्ती आदल्या दिवशी फोनवर जे पहिलं दिसेल त्याचं नाव ठोकून द्यायची. का, तर चाल छान आहे. तिची आवड निराळी आहे म्हणून एक-दोघांनी कौतुकही केलं. माझा जीव खाली-वर व्हायचा.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहत, कनकाबाई. एकट्याच. फुलवाल्याशी त्या तमिळमध्ये बोलत, दारावरची पाटीही तमिळ. भाड्याची बोलणी अवनीनं इंग्रजीत केली होती. त्यामुळे कीर्तीनं त्यांना तमिळच समजून टाकलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही फाटकातून आत आलो की कनकाबाई दारात येऊन उभ्या राहत, कीर्तीकडे बघत, आणि आम्ही जिना चढून गेलो की आत जात. कीर्तीला वाटे, आपल्यावर पाळत आहे.

खरं काय ते माझ्या माईकला ऐकू येई. बाई स्वतःशीच पुटपुटत, "संपूं दे तिचें गाणें. मग विचारतें."

शुद्ध मराठीत, मित्रांनो. जुन्या वळणाच्या, तंजावरकडच्या मराठीत. कीर्ती वरच्या खोलीतून आईशी फोनवर बोलायची, ते मराठी त्यांच्या कानावर पडलं होतं. त्या आणि त्यांचे यजमान शेषाद्रीराव जन्मभर मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या तमिळ महिन्यात कर्नाटक संगीताच्या सभांमधून गाणं ऐकत आले होते. तिथं गाणं चालू असताना कोणी आत जात नाही, बाहेर येत नाही, बोलत नाही. उशिरा आलेला माणूस दाराशीच थांबतो. ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. कानात गाणं असलेल्या मुलीला मधेच हाक कशी मारायची? म्हणून त्या दाराशी थांबत होत्या, आणि नसलेलं गाणं काही संपत नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

शेवटी कीर्तीनं राजीनामा दिला. पुण्यात दुसरी नोकरी धरली. महिनाअखेरीस खोली सोडते, असा इंग्रजी निरोप तिनं कनकाबाईंना पाठवला.

त्याच संध्याकाळी फाटकाच्या कडीत माझी वायर अडकली. फोनमधून माझी पिन निसटली आणि तिच्या गुडघ्याशी लोंबू लागली. तिला पत्ताच नाही. दारातल्या कनकाबाईंनी ती पिन पाहिली. त्या पहिल्यांदाच पायरी उतरून पुढे आल्या, कीर्तीच्या कानातून माझी डावी बाजू अलगद काढून त्यांनी स्वतःच्या कानात घातली, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हें पाट्टु मज ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "राव गेले तेव्हांपासून मीही हेंच ऐकतें."

कीर्ती बघतच राहिली. बाई मराठी बोलत होत्या आणि पाट्टु म्हणजे गाणं, एवढं तमिळ तिलाही येत होतं.

"पण तूं कां ऐकतेस?"

"कोणी तमिळमध्ये काही विचारू नये म्हणून," कीर्ती कशीबशी म्हणाली.

"मी मराठींत विचारणार होतें."

कीर्ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली. बाईंनी रडू दिलं.

नंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. संध्याकाळी दोघी पायरीवर बसत, डावी बाजू कनकाबाईंची, उजवी कीर्तीची. कीर्ती गाण्याच्या मधेच बोलली की तिच्या गुडघ्यावर चापटी पडे. गाणं संपलं की बाई विचारत, कां लाविलेंस? त्याही सांगत. मुलगा गिरिधर कॅनडात, नातवंडांना इंग्रजीच येतं, घरात मराठी बोलायला फक्त रावांचा फोटो. शेवटच्या शुक्रवारी कीर्तीनं ऑफिसात खरं सांगितलं, की मी इतके महिने काहीच ऐकत नव्हते. सगळ्यांनी चहा संपवला. का, असं कोणी विचारलं नाही.

मन डळमळलं तिचं, पण पुण्याला रुजू व्हायचा दिवस ठरून गेला होता. जाताना तिनं मला कनकाबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

आता मी त्यांच्या कानात असतो. त्यांच्या फोनवर गाणी लावायला कोणी शिकवलं नाही, म्हणून माझी पिन त्यांच्या मांडीवर मोकळीच पडून असते. पूर्वी फुलवाला दोन शब्द बोलायचा. आता तो बघतो, आजी गाणं ऐकताहेत असं समजतो आणि सायकल हळूच पुढे काढतो. गल्लीतली माणसं फार सभ्य आहेत. रविवारी कीर्तीचा फोन येतो. काय ऐकताय आजी, असं ती विचारते.

"तूं ऐकत होतीस तेंच," बाई सांगतात. कीर्तीला त्याचा अर्थ कळतो, आणि ती लवकर फोन ठेवत नाही.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, आवळून गुंडाळू नका, हे तर आहेच. पण कोणी आम्हाला कानात घालून एकटं बसलेलं दिसलं, तर गाणं संपायची वाट बघत दाराशी थांबू नका. जवळ जा, काय ऐकताय ते विचारा आणि का तेही विचारा. फार तर एखादं गाणं बिघडेल. आमच्या दारात तर तेवढंही बिघडणार नाही.