पोत्याखाली झाकलेला पाळणा

मी एक जुना सागवानी पाळणा आहे, मित्रांनो. लोहा तालुक्यातल्या एका गावात, धुरपताबाईंच्या घरी राहतो. केरबा सुतारांनी मला घडवलं आणि माझ्या कोपऱ्यांवर पोपट कोरले. गल्लीत कुणाचंही बारसं असलं की मला मागून नेत. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

तीन वर्षांपूर्वी धुरपताबाईंच्या सुनेचं, अंबिकेचं, लेकरू पोटातच गेलं. त्याचं बारसं झालं नाही. मला पोतं टाकून कोपऱ्यात ठेवलं. हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही, असं धुरपताबाईंनी सगळ्यांना बजावलं. गेलेल्याचं नाव काढलं की पुढच्यालाही नजर लागते, असं त्यांना मनापासून वाटे. बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती. मलाही मग बारशाला कुणी नेईना. अशा घरचा पाळणा कोण नेणार?

यंदा अंबिकेला पुन्हा दिवस गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा धुरपताबाईंनी "पहिलटकरीण हाय" म्हणून सांगून टाकलं. अंबिका सासूपुढं काही बोलली नाही. हे कानावर आलं तेव्हा वाटलं, डॉक्टरांना खरं सांगायला हवं होतं. पण पाळण्याचं कोण ऐकतं?

आठव्या महिन्यात नांदेडहून मनस्विनी नावाची मुलगी आली. ज्या बायांची लेकरं पोटातच गेली, त्यांच्यावर ती विद्यापीठात संशोधन करत होती. धुरपताबाईंनी तिला चहा पाजला, पण आमच्या घरी तसलं काही घडलंच नाही, असं सांगून हात झटकले. मनस्विनी उठली. जाता जाता तिला पोत्याखालून डोकावणारा माझा पोपट दिसला. पाळणा कुणाचा, असं तिनं सहज विचारलं.

"माझ्या लेकराचा हाय," अंबिका म्हणाली. "आठव्या महिन्यात पोटातच गेलं. आधी हालायचं थांबलं व्हतं, मला समजलं न्हाई." मग तिनं पोटावर हात ठेवला. "ताई, आज सकाळपासून हे बी हालून न्हाई राहिलं."

मनस्विनीचे बाकीचे प्रश्न तिथंच राहिले. अंबिकेच्या नवऱ्यानं, हनुमंतनं, शेजारची जीप आणली आणि सगळे नांदेडला गेले. तिथं धुरपताबाईंनी स्वतःच डॉक्टरांना खरं सांगितलं, असं मी मागाहून ऐकलं. लगोलग ऑपरेशन झालं. मुलगी झाली, पण फार अशक्त आहे. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय. डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत.

आज धुरपताबाई कपडे न्यायला घरी आल्या. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बसम्मानं विचारलं, पहिलीच नात ना? धुरपताबाईंनी माझ्यावरचं पोतं ओढून काढलं आणि माझा कठडा धरून खाली बसल्या.

"हे दुसरं लेकरू हाय," त्या म्हणाल्या. "पहिला पोरगा व्हता. मी अंबिकाला त्याचं तोंड बी पाहू दिलं न्हाई."

आणि त्या हमसून हमसून रडल्या. त्या लेकरासाठी या घरात कुणी मोठ्यानं रडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, माझ्यात ती मुलगी निजेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरातलं एखादं लेकरू असं गेलं असेल, तर त्याच्या आईला गप्प बसवू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला बोलू द्या.