चारीकाठची जागा

"आबा, माळावर दफनाला एकच जागा उरलीय. तुमचं नाव घालू का?" पास्टरांनी वही उघडून विचारलं.

रविवारची उपासना संपली होती. कळंबच्या त्या पत्र्याच्या खोलीतली आठ-दहा माणसं पांगली होती. गेणूआबा तेवढे मागे राहिले. बायको रंगुबाई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्यांना घरी जायची घाई नसे.

आबांनी उभी हयात पाटकरी म्हणून काढली. कालव्याला आवर्तन आलं की चारीचं दार उघडायचं, पाळी संपली की पाडायचं. उजाड रानात पाण्यानं ऊस उभा राहिलेला त्यांनी पाहिला होता. त्यामुळे यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेली नदी त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नव्हती. मंदिराच्या उंबऱ्याखालून निघालेलं पाणी, जाईल तिथं सगळं जिवंत करणारं. ते पाणी म्हणजे देवाचा आत्मा, असं पास्टर सांगत. आबांना मात्र ते पाणी पाणीच वाटे. म्हणूनच बायको गेली तेव्हा सगळ्या मंडळीशी भांडून त्यांनी तिला माळावरच्या दफनभूमीत नेलं नाही. तिच्या भावानं दिलेल्या चारीकाठच्या तुकड्यात ठेवलं. जन्मभर हंडे वाहिलेल्या बाईला पाण्याशेजारी निजवलं, यात चुकलं ते काय?

पण चारी पाझरत राहिली. जमीन चिबडली, उशाला लावलेला कडुनिंब जळाला, मातीवर पांढरं मीठ फुटलं. आणि आज पास्टरांनी त्याच अध्यायातलं पुढचं वचन वाचलं. दलदलीची जागा काही गोड होणार नाही, ती मिठालाच सोडलेली. आबांनी ते कधी धड वाचलंच नव्हतं. आपल्या सोयीचं तेवढं वाचायचं, ही माणसाची जुनी खोड.

"म्या तिला मिठात घातली, पास्टर."

पास्टरांनी समजूत घातली. ते दृष्टान्तातलं पाणी, त्याचा आपल्या चारीशी काय संबंध? हवं तर परवानगी काढून रंगुबाईंनाही वर माळावर आणू, असंही ते म्हणाले.

आबांनी मान हलवली. "न्हाय. माझ्या बदल्यांपायी लई गावं हिंडली ती. आता न्हाय हलवायची. मला बी तितंच ठिवा. एकटी हाय ती."

पास्टरांनी तसं लिहून घेतलं. पुढच्या रकान्याशी ते थांबले. वेळ आली तर कळवायचं कुणाला?

आबा बराच वेळ आठवत बसले.

"तुमचाच नंबर लिवा," ते म्हणाले.

पास्टरांनी लिहिला.