ओल्या सायकलीचं वजन

माझी बायको चेतना तहसील कचेरीत नोकरी करते. दर रविवारी पहाटे शहाणी माणसं पांघरूण डोक्यावर ओढतात, त्या वेळी ही बाई सायकलवर टांग मारून प्रकाशा गावी तापीच्या पुलापर्यंत जाऊन येते. सोबत नंदुरबार-शहाद्याची आणखी दहा-बारा वेडी माणसं असतात. मला सायकलीचा मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी मिरचीचा व्यापारी. नंदुरबारबाहेर माझी पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं भलंमोठं मैदान. माझा सगळा व्यायाम त्या पथारीवर ओरडण्यात होतो आणि तो मला पुरतो.

तरी वर्षातून एकदा मी या टोळीच्या कामाला येतो. जानेवारीत ही मंडळी शहाद्याहून निघून तोरणमाळचा घाट चढतात आणि त्यांच्या मागून माझा टेम्पो चालतो. टेम्पोत पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि ज्यांचा दम निघाला ते. गेल्या वर्षी दम निघालेली एकच होती. चेतना.

राणीपूर सुटलं, घाट लागला आणि पहिल्या काही वळणांतच तिने पाय टेकला. मी टेम्पो थांबवला. ती मागे चढली आणि केळ्यांच्या घडांशेजारी बसली. वर पोचल्यावर सगळे तिला "होतं असं, ताई" म्हणत होते. ते तर तिला जास्तच लागलं. संक्रांत येऊन गेली तरी घरात तिळगुळाचा गोडवा काही उतरला नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पुढला साल मी टेम्पोमा बसनार नही. सांगी ठेवस."

मी म्हटलं, "नको बसू. टेम्पो मन्हा शे, तुन्हावर जबरदस्ती नही."

हे बोलून मी मोकळा झालो, पण ती झाली नाही. तिचं असं ठरलं की जुनी सायकल जड आहे, सगळा दोष तिचा. नवी घ्यायची. इथे आमच्या आयुष्यात गिरधर साहेब शिरले.

गिरधर साहेब शहाद्याच्या बाजूला साखर कारखान्यात इंजिनीयर आहेत. माणूस चांगला, पण बोलायला लागला की चहा गार होतो. आमच्या ओसरीत बसून त्यांनी चेतनाला समजावलं की शर्यतीच्या सायकली दोन जातीच्या. एक वारा कापणारी. तिच्या नळ्या चपट्या, चाकाच्या कडा रुंद, सपाट रस्त्यावर वाऱ्याला भीक घालत नाही. पण अंगाने थोडी जड. दुसरी हलकी. तिच्या नळ्या बारीक, चढावर उचलून नेल्यासारखी जाते. पण पुलावर समोरून वारा आला की तो सगळा छातीवर घ्यायचा.

"आपण हौशी लोक," गिरधर साहेब म्हणाले, "वर्षभर सपाटीवर फिरतो. वारा कापणारी घ्या, ताई. तापीच्या पुलावर तुम्ही दर वेळी मागे राहता, ते थांबेल."

"आनि तोरणमाळ?" चेतनाने विचारलं.

"तोरणमाळला हलकी बरी. पण ते वर्षातून एकदा."

मला तिच्या मनातलं कळत होतं. तिला तो वर्षातला एक दिवसच हवा होता. बाकीचे रविवार तिने पुलावर मागे राहून खुशाल काढले असते.

गिरधर साहेबांनाही नवी सायकल घ्यायची होतीच. त्यांच्या ओळखीच्या सुरतच्या दुकानदाराने दोन वापरलेल्या सायकली बघायला पाठवल्या, एक या जातीची आणि एक त्या जातीची. चेतनाने आधी निवडायची, उरलेली साहेबांनी घ्यायची, असं ठरलं. सायकली उतरल्या माझ्या पथारीवर. सगळीकडे लाल मिरची पसरलेली, बायका मिरची उलटत होत्या आणि गिरधर साहेब शिंकत होते.

चेतनाने वारा कापणारीवरून एक फेरी मारली. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी केलेला चिखल होता, सायकल पार माखून आली. आता घरात येणारी वस्तू पूजेआधी धुवायलाच पाहिजे. तिने पाइप घेतला आणि म्हैस धुवावी तशी सायकल धुऊन काढली. दुसरी सायकल धुवायला गेली तर गिरधर साहेब आडवे आले. "हिला पाणी लावू नका हो! बेअरिंगमध्ये जाईल." त्यांनी खिशातून मऊ फडकं काढून ती हलकी सायकल पुसून लख्ख केली.

मग कोणीतरी म्हणालं, एवढा काटा समोर आहे, तोलून तरी बघा.

माझा काटा म्हणजे माझी इज्जत. तो इलेक्ट्रॉनिक आहे, पण त्याच्यासमोर वडिलांच्या काळापासून मगनबाबा बसतात. काट्याचं तोंड त्यांच्याकडे असतं. ते आकडा वाचतात, ओरडतात आणि तो आकडा शेतकरीही मानतो, मीही मानतो. शेतकरी दुसरे व्यापारी सोडून माल आमच्याकडे आणतात ते या आवाजावर भरवसा ठेवून.

मगनबाबांनी वारा कापणारी सायकल हातात धरून काट्यावर ठेवली आणि ओरडले, "सहा किलो, सहाशे ग्राम!"

मग हलकी ठेवली. "सात किलो, दोनशे!"

गिरधर साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. हलकी म्हणतात तीच जड? त्यांनी दोन्ही सायकली आळीपाळीने उचलून पाहिल्या. मग मला म्हणाले, "कुंदनभाऊ, हातमा तं पहिलीच जड लागी ऱ्हायनी."

मगनबाबांना ते झोंबलं. "साहेब, काटा कधी खोटा बोलस का?"

मलाही झोंबलं. माझ्या पथारीवर येऊन माझ्या काट्यावर शंका? मी म्हटलं, "साहेब, तुमना हातले साखरनी सवय शे." सगळे हसले. साहेबांनी बिचाऱ्यांनी सायकली खाली ठेवल्या. चेतनाने त्याच क्षणी निवड करून टाकली. वाराही कापते आणि हलकीही आहे म्हटल्यावर विचार कसला करायचा! साहेबांनी उरलेली सायकल अशा तोंडाने घेतली की जणू दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं वाढलंय.

पुढचे महिने चेतनाची ऐट बघण्यासारखी होती. तापीच्या पुलावर ती टोळीबरोबर राहू लागली. ते ठीक, वाऱ्याचं काम होतं. पण कोचरा असो की टेंभे, रस्त्यात जिथे कुठे चढाचा भास होईल तिथेही ती दामटून जायची आणि घरी येऊन सांगायची, "काय हलकी शे हो ती! वजनच नही तिनं." भाकरी करताना, कचेरीत जाताना, देवाला दिवा लावताना तिच्या ओठांवर तेच. सहा किलो सहाशे.

जानेवारी आला. मी टेम्पो काढला. मदतीला मगनबाबा शेजारी बसले, कारण त्यांना तोरणमाळचा तलाव बघायचा होता. सकाळी थंडी मी म्हणत होती. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, घाटाचा पायथा आला. गिरधर साहेब आणि तरणी पोरं पुढे निघून गेली. चेतना सगळ्यात मागे, आणि तिच्या मागे मी, पहिल्या गिअरमध्ये.

मी सहज म्हटलं, "हलकी सायकल शे म्हनीसन बरं, बाबा. नही तं गेल्या सालसारखं व्हतं."

मगनबाबा केळं सोलत म्हणाले, "हलकी कशानी? आठ किलो सहाशे शे ती."

माझा पाय ब्रेकवर गेला. "काय?"

"त्या दिन ओली व्हती ना ती. पानी टपकी ऱ्हायनं व्हतं. ओला मालले दोन किलोनी घट धरतसच ना आपन."

बरोबर होतं. ओल्या मिरचीचं पोतं आलं की हात लावायचा, ओल लागली की दोन किलो वजा करून आकडा ओरडायचा. इतकी वर्षं हाच रिवाज. मगनबाबांनी सायकलीला हात लावला, हात ओला झाला आणि तोंडातून आपोआप वजा केलेला आकडा निघाला.

"बाबा, सायकल काय मिरची शे का? ती वाळीसन कमी व्हई का?"

मगनबाबांनी केळं चावायचं थांबवलं. "हाई बी खरं शे," ते म्हणाले आणि पुन्हा चावू लागले.

आता मी काय करावं? समोर माझी बायको त्या दोन्हींतल्या जड सायकलीवर बसून जिल्ह्यातला सगळ्यात अवघड घाट चढत होती, आणि तिला ते माहीत नव्हतं. थांबवून सांगावं तर तिथेच तिचे पाय गळाले असते. केळ्यांशेजारी बसलेली तिची मान मला दिसायला लागली. न सांगावं तर मी माझ्या काट्याचा खोटा आकडा खपवून बसलो होतो, आणि आयुष्यात मी ग्रामाचाही खोटा आकडा कुणाला सांगितलेला नाही.

गेल्या वर्षीची जागा आली. ती जागा तिलाही आठवत होती, कारण तिची सायकल डगमगली. मी टेम्पो तिच्या बाजूला घेतला. तिचं तोंड लाल झालं होतं, नाकातून पाणी वाहत होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सांगा ना. कितलं वजन?"

मी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढली आणि बाजारात बोली लावतात तसा ओरडलो, "सहा किलो, सहाशे ग्राम!"

ती हसली. दम नव्हता तरी हसली, आणि उभी राहून पॅडल मारू लागली.

पुढच्या प्रत्येक अवघड वळणाला तिने विचारलं आणि मी ओरडलो. माझा घसा बसला तेव्हा मगनबाबा ओरडले, आणि त्यांचा आवाज तर अजून खणखणीत. लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या दोन बाया थांबून आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल की हे लोक घाटात काहीतरी विकायला निघालेत. मला तेव्हा लाज वाटत नव्हती. मला फक्त एवढंच वाटत होतं की तिचा पाय जमिनीला लागू नये. देवाला मी एवढं क्वचितच विनवलं असेल.

तो लागला नाही. शेवटचं वळण गेलं, रस्ता सपाट झाला, वरची घरं दिसली. टोळी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभी होती. चेतना सायकलवरून उतरली, तशीच हँडलवर डोकं टेकून रडली, आणि मग हसली. मीही टेम्पोत बसल्या बसल्या डोळे पुसले. मगनबाबांनी बघितलं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मी ठरवलंच होतं की खरा आकडा घरी जाऊन, जेवणानंतर, बेताने सांगायचा. पण गिरधर साहेब पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई चढल्या, वा! अर्थात सायकलच तशी आहे. सहा-सहाशेवर कुणीही चढेल."

माझं डोकं फिरलं. कुणीही चढेल? मी टेम्पोतून उडी मारली. "आठ किलो सहाशे शे ती!" मी ओरडलो. "आठ! मगनबाबानी ओली म्हनीसन घट धरी. जड सायकल तिनी वर आनी, साहेब, आनि हलकी तुमनी शे!"

मगनबाबांनी मान हलवून साक्ष दिली आणि हशा उसळला. गिरधर साहेबांनी दोन्ही सायकली परत उचलल्या. "मी म्हणालोच होतो! माझा हात सांगत होता!" त्यांचा आनंद असा, की जणू घाट त्यांनीच दुसऱ्यांदा चढला. माणूस खरंच चांगला आहे. लगेच वळून म्हणाले, "ताई, चूक झाली ती झाली. तुम्हाला हलकीच हवी होती ना? घ्या ही. अदलाबदल करू, आत्ता इथेच."

चेतनाने माझ्याकडे बघितलं. "तुमले कधी समजनं?"

"पायथाशी."

"आनि पुरा घाट तुम्ही खोटं बोलनात?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

रागावली की काय, मला कळेना. मग तिने आपली सायकल एका हाताने उचलून पाहिली. मग दुसऱ्या हाताने साहेबांची. तिला वजन कळलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी ते तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"नको, गिरधरभाऊ," ती म्हणाली. "तुमनी सायकलवर चढनू तं लोक सायकलले शाबासकी देतीन."

मग तिने मगनबाबांच्या हातातला लाडू घेतला आणि सायकल कमरेला टेकवून उभ्या उभ्याच खाल्ला.