पुरणार नाही

हिमांशूसरांचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. छावणीतल्या आमच्या कंपनीत एकाच मोठ्या सर्व्हरवर, आमचं धरून, सहा ऑफिसांची मशिनं चालायची; म्हणजे खरे डबे नव्हेत, त्या सर्व्हरच्या पोटातच सॉफ्टवेअरने बनवलेले सहा कॉम्प्युटर. डिस्क चार टेराबाइटची, आणि सरांनी वाटून टाकली होती दहा टेरा. यात चोरी नव्हती. जेवढा डेटा लिहिला जाईल तेवढीच जागा खरी खर्च व्हावी, अशी सेटिंग मीच केली होती. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवी डिस्क घ्या म्हणून तीनदा सांगितलं. बिडकीनच्या नव्या कारखान्यांचं काम मिळू दे, मग बघू, म्हणाले.

दुष्काळाचा उन्हाळा होता. शेवटी मीच सगळ्यांना मेल टाकली: जागा पुरणार नाही, जपून वापरा.

मूर्खपणा माझा. नळ आठव्या दिवशी येणाऱ्या या शहरात ‘पुरणार नाही’ म्हटल्यावर कोण जपून वापरतं? लोक हंडे भरायला धावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला डिस्क काठोकाठ भरली आणि सहाही मशिनं थांबली. त्यातलं एक गावोगाव पाणी पोचवणाऱ्या टँकरच्या ऑफिसचं. फेरीची पावती निघेना, म्हणून भरलेले टँकर जागेवरच उभे.

पावत्या काढणाऱ्या द्वारकाबाईंना फोन केला. त्यांनी काही लपवलं नाही.

“जुने फोटू धा-धा येळा कॉपी करून ठिवले. आपली जागा धरून ठिवाया नको व्हय? आता पान्यासाटी देवगाव रंगारीची मान्सं शिव्या द्यायलीत, त्याचं बगा ताई.”

बंद मशिनातून त्यांना काहीच पुसता येईना. सर्व्हरवरून एखादं आख्खं मशीनच मला उडवावं लागणार होतं. कुणी किती भरलंय ते पाहिलं. सगळ्यात मोठा हंडा हिमांशूसरांचा निघाला! माझी मेल पोचल्यावर तासाभरात त्यांनी जागा अडवायला सव्वा टेरा नुसती शून्यं भरून ठेवली होती. बिडकीनवाल्यांना दाखवायचं सगळं काम त्याच मशिनात होतं. दुसरी प्रत नव्हती, कारण तिलाही जागा लागते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नक्की काढायचं का, असं स्क्रीनवर आलं. मी हो दाबलं. दहा मिनिटांत बाकीची पाच मशिनं सुरू झाली आणि टँकर निघाले.

सर केबिनमधून धावत आले. “मला विचारायचं तरी, मृण्मयी.”

“विचारलं असतं तर काढू दिलं असतं?”

हात पुढे करून त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं.